धूर डावीकडे की उजवीकडे? चित्रकोड्यातील तर्क आणि अंदाज

(चर्चेचा धागा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव)

सपरीतले वाचनालय (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

आमच्या गावात एका जुन्या घराच्या सपरीत आम्ही दोघे-तिघे मिळून लहानसे वाचनालय चालवतो. कापसाची वेचणी आटोपत आली की सायंकाळी मुलांची वर्दळ वाढते. म्हणून दर शनिवारी मी तेथील फळ्यावर चौकोनांची जाळी आखून एक चित्रकोडे घालतो आणि पुढच्या शनिवारी जो ते वहीत पूर्ण करून प्रथम आणेल त्याला दोनशे पानी वही देतो. या प्रकाराला नोनोग्राम म्हणतात. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की ओळीपुढे 2 2 असे आकडे असतील तर त्या ओळीत आधी सलग दोन चौकोन काळे, नंतर किमान एक रिकामा आणि त्यानंतर पुन्हा सलग दोन काळे असतात. स्तंभांच्या माथ्यावरचे आकडे याच रीतीने वरून खाली वाचायचे. दोन्हीकडचे आकडे जुळले की चित्र उमटते.

गेल्या वेळचे कोडे मी स्वतः रचले होते. सात ओळी, सात स्तंभ, आणि चित्र झोपडीचे व तिच्यावर उठणाऱ्या धुराच्या दोन ठिपक्यांचे. ओळींचे आकडे वरून खाली असे होते: 1, 1, 1, 3, 5, 7, 2 2. स्तंभांचे आकडे डावीकडून उजवीकडे असे होते: 1, 3, 4, 4, 1 4, 1 3, 1.

आठवीतील एका मुलीने सर्वांत आधी वही आणली, परंतु वरच्या दोन ओळींतील चार चौकोन तिने कोरे ठेवले होते आणि त्यांच्याशेजारी ‘हे ठरत नाही’ असे लिहिले होते. अर्ध्या तासाने सातवीतील एक मुलगा पूर्ण चित्र घेऊन आला आणि ते माझ्या वहीतील चित्राशी तंतोतंत जुळले, म्हणून मी बक्षीस त्याला दिले. त्यावर ती मुलगी म्हणाली, “काका, त्यानं अंदाजानं ठोकलं.” मुलाला विचारले तेव्हा त्याने कारण सांगितले, की पावसाळ्यात वारा मावळतीकडून येतो, म्हणजे धूर उगवतीकडे जाणार, आणि नकाशात उगवत उजव्या हाताला असते. मुलीने त्याला एकच प्रश्न केला: “अन् झोपडीचं दार उत्तरेला असंल तं?”

मला तिचा प्रश्न पटला, परंतु बक्षीस परत घेणेही बरे दिसेना. तेव्हा पहिली शंका अशी, की अंदाजाने आलेले बरोबर उत्तर ग्राह्य धरावे की नाही?

दुसरी शंका माझी स्वतःची आहे. मोबाइलवरील पंधरा बाय पंधराच्या कोड्यांत मी बहुतेक वेळा मध्येच अडतो. एकेक ओळ तपासून काहीच पुढे सरकत नाही आणि शेवटी ‘हा चौकोन काळा धरून पाहू’ असे करावे लागते. मुलांना अंदाज लावू नका म्हणून सांगणारा मी स्वतः तेच करतो आहे का?

निवृत्त गुरुजी (आर्वी, जि. वर्धा)

आपण दिलेले आकडे मी आलेख कागदावर मांडून पाहिले. मुलीचे म्हणणे बरोबर आहे. ते चार चौकोन खरोखरच ठरत नाहीत, कारण आपल्या कोड्याला दोन उत्तरे आहेत.

पायरीपायरीने पाहू. सहाव्या ओळीचा आकडा 7 असल्यामुळे ती संपूर्ण काळी होते. पहिल्या आणि शेवटच्या स्तंभाचा आकडा प्रत्येकी 1 आहे आणि तो सहाव्या ओळीनेच भागला, म्हणून त्या दोन्ही स्तंभांतील बाकीच्या चौकोनांवर फुली, म्हणजे ते रिकामे. आता पाचव्या ओळीतील 5 ला दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत नेमकी पाच चौकोनांची जागा उरते, म्हणून ती भरली. सातव्या ओळीतील 2 2 ला मधल्या फटीसह पाच चौकोन लागतात आणि तेवढेच उरले आहेत, म्हणून दुसरा, तिसरा, पाचवा, सहावा काळे आणि चौथा रिकामा. हेच आपल्या झोपडीचे दार. दाराचा चौकोन रिकामा ठरल्यामुळे चौथ्या स्तंभातील सलग 4 तिसऱ्या ओळीपासून सहाव्या ओळीपर्यंतच बसू शकतात. त्यामुळे तिसऱ्या ओळीचा 1 संपला आणि त्या ओळीत अन्यत्र फुल्या आल्या. दुसरा, तिसरा, पाचवा आणि सहावा हे स्तंभ खालून वर असेच भरत जातात. येथवर 49 पैकी 45 चौकोन निश्चित होतात आणि त्यांत कोठेही ‘बहुधा’ म्हणावे लागत नाही.

उरतात पहिल्या दोन ओळींमधील पाचव्या व सहाव्या स्तंभाचे चार चौकोन. दोन्ही ओळींना एकेक काळा हवा आणि दोन्ही स्तंभांनाही एकेक हवा. दुसऱ्या ओळीत पाचवा आणि पहिल्या ओळीत सहावा काळा केला, तर धूर उजवीकडे चढतो. उलट केले, तर डावीकडे चढतो. दोन्ही चित्रांत एकूण एक आकडा पाळला जातो. आपल्या वहीत उजवीकडचे चित्र होते, याचा पत्ता फळ्यावरच्या आकड्यांना नव्हता. मुलाने मावळतीच्या वाऱ्याचा आधार घेतला तो कोड्याबाहेरून, आणि तोसुद्धा कोणीही न सांगितलेल्या दाराच्या दिशेवर टेकलेला होता. दार उत्तरेला असेल तर झोपडीकडे पाहणाऱ्याचे तोंड दक्षिणेला होते आणि उगवत त्याच्या डाव्या हाताला येते, हे त्या पोरीने क्षणात ओळखले, याचे मला विशेष कौतुक वाटले.

तेव्हा पहिल्या शंकेचे माझे उत्तर असे, की ‘हे ठरत नाही’ हेच त्या कोड्याचे पूर्ण उत्तर होते. ‘मला ठरवता आले नाही’ आणि ‘हे ठरतच नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत. दुसऱ्यासाठी सिद्धता लागते आणि ती तिने नेमके चारच चौकोन कोरे ठेवून जवळजवळ दिलेली आहे.

दुसऱ्या शंकेविषयी. शाळेच्या भूमितीत आपण अप्रत्यक्ष सिद्धता शिकवतो. जे सिद्ध करायचे त्याच्या उलट गृहीत धरायचे, पक्षाशी, म्हणजे दिलेल्या माहितीशी, विसंगती येईपर्यंत चालत जायचे आणि विसंगती आली की गृहीतक टाकून द्यायचे. दोनचे वर्गमूळ अपरिमेय आहे हे आपण असेच दाखवतो आणि त्याला कोणी अंदाज म्हणत नाही. हा चौकोन काळा धरला, त्यामुळे ती ओळ अशी भरली, त्यामुळे तो स्तंभ फुटला, म्हणून हा चौकोन रिकामाच आहे, असे म्हणता आले तर ती सिद्धता झाली. अंदाज तेव्हा होतो, जेव्हा चौकोन काळा धरला, चार पावले विसंगती आली नाही, आणि तेवढ्यावर तो काळाच आहे असे समजून माणूस पुढे निघाला. विसंगती न भेटणे म्हणजे पुरावा भेटणे नव्हे. कदाचित आपण पुरेसे चाललोच नसू.

म्हणून वहीत मी दोन खुणा वापरतो. सिद्ध झालेला चौकोन पेनाने भरतो, धरून पाहिलेल्या चौकोनात पेन्सिलीचा बारीक ठिपका देतो आणि विसंगती सापडली की सगळे ठिपके खोडून फक्त पहिल्या चौकोनावर पेनाने फुली मारतो. माझे विद्यार्थी दोन्ही खुणा एकाच पेनाने करत आणि वीस चौकोनांनंतर काहीतरी चुकल्याचे कळले की कोणत्या चौकोनापासून चुकले हे सांगता न आल्यामुळे पूर्ण पान फाडत. कागदाची नासाडी मी पुष्कळ पाहिली आहे.

एकच उत्तर (दर्यापूर, सध्या शिक्षणासाठी अमरावती)

गुरुजींची सोडवणूक मान्य आहे, तरी मला त्या मुलाची बाजू मांडायची आहे.

कोड्याचे उत्तर म्हणजे भरलेली जाळी. ती सर्व आकड्यांना उतरते की नाही एवढेच तपासायचे असते, आणि ती कोणत्या मार्गाने आली हे जाळीवर लिहिलेले नसते. सात बाय सातची जाळी भरण्याचे एकूण प्रकार 2 चा 49 वा घात, म्हणजे पंधरा अंकी संख्या होते. त्यांतून नेमके हवे ते शोधणे कठीण, पण समोर आलेले चित्र बरोबर आहे का हे पाचवीतले मूलसुद्धा दोन मिनिटांत पडताळू शकते. संगणकशास्त्रात हाच भेद मूलभूत मानतात. उएदा आणि नागाओ या जपानी संशोधकांनी 1996 साली दाखवले, की नोनोग्राम हे ज्यांना एन-पी पूर्ण (उत्तर पडताळणे सोपे, शोधणे मात्र अतिशय कठीण) म्हणतात त्या प्रश्नांच्या वर्गात मोडतात. जाळी कितीही मोठी झाली तरी प्रत्येक कोडे झपाट्याने सोडवील अशी सर्वसाधारण रीत आजपर्यंत कोणाला सापडलेली नाही. यंत्रसुद्धा ओळीओळीने चालणारा तर्क संपला की एक चौकोन धरून पाहते आणि चुकले तर मागे येते. मग मुलानेच काय घोडे मारले?

शिवाय ‘या कोड्याला एकच उत्तर आहे’ असे रचणाऱ्याने वचन दिले असेल, तर अंदाजाने का होईना, सर्व आकड्यांना उतरलेले चित्र हेच ते एक उत्तर, यात शंका उरत नाही. मुलाने त्या वचनावर विश्वास ठेवला. वचन मोडले ते रचणाऱ्याने.

मात्र मोबाइलवरील कोड्यांबाबत मी गुरुजींच्या बाजूला आहे. बऱ्याच ॲपमध्ये चुकीचा चौकोन दाबला की लगेच लाल खूण येते आणि तीनांपैकी एक बदाम, म्हणजे एक संधी, कमी होतो. तेथे अंदाज लावणे म्हणजे एका बदामाला एक माहिती विकत घेणे आहे. 1995 साली निन्टेन्डोच्या गेम बॉयवर हीच कोडी ‘मारिओज पिक्रॉस’ या नावाने आली तेव्हा अर्धा तास वेळ मिळे आणि चुकीच्या चौकोनाला आधी दोन, मग चार, मग आठ मिनिटे कापली जात. शिक्षा वाढत जाते हे खरे, तरी यंत्र चूक दाखवतेच. फळा दाखवत नाही. त्यामुळे आपली फळ्यावरची पद्धत अधिक कसाची आहे.

कोडे दुरुस्त करायचे असेल तर सोपे आहे. धुराला तिसरा ठिपका द्या, म्हणजे पहिल्या ओळीत सहावा व सातवा आणि दुसऱ्या ओळीत पाचवा. पहिल्या ओळीचा आकडा 2 होईल, सातव्या स्तंभाचा 1 1 होईल, बाकी सर्व जसेच्या तसे. आता धूर उजवीकडेच जाईल.

पऱ्हाटी (राळेगाव, जि. यवतमाळ)

भाऊ, तुम्ही सुचवलेली दुरुस्ती चालणार नाही. पहिल्या ओळीत पाचवा व सहावा काळे करा आणि दुसऱ्या ओळीत सातवा. पहिल्या ओळीला सलग 2 मिळाले, दुसरीला 1 मिळाला, पाचव्या स्तंभात 1 4, सहाव्यात 1 3 आणि सातव्यात 1 1 कायम राहिले. धूर पुन्हा डावीकडे वळला. तुम्ही चित्र पाहून दुरुस्ती केलीत, सोडवून पाहिली नाहीत. हासुद्धा अंदाजच झाला, आणि तोही ज्या धाग्यात अंदाजाचा खल चालला आहे त्यातच.

मी गणितात पदवी घेतली आणि लग्नानंतर शेतीत आले, म्हणून मला हा प्रकार वावरात आधी भेटला. आमच्याकडे सासरे कपाशी चौफुलीवर लावत. उभ्या आणि आडव्या दोन्ही अंगांनी डवरा (बैलांचे कोळपे) चालावा म्हणून झाडे जाळीच्या छेदांवर येतात, आणि उगवण झाल्यावर कोठे नांगे, म्हणजे न उगवलेल्या जागा, पडले हे पाहून ते भरावे लागतात. एका वर्षी मी शहाणपणा करून प्रत्येक उभ्या तासात (झाडांच्या ओळीत) किती नांगे आणि प्रत्येक आडव्या तासात किती नांगे एवढेच कागदावर उतरवून घरी आणले. मला वाटले, दोन्हीकडची बेरीज हाती आहे, तर जागा घरी बसून काढता येतील. निघाल्या नाहीत. दोन तासांत एकेक नांगा तिरपा पडला असेल, तर तो या तिरप्या अंगाने आहे की त्या तिरप्या अंगाने, हे बेरजांवरून कधीही कळत नाही. सासऱ्यांनी तो कागद पाहिला आणि काहीही न बोलता टोपले उचलून पुन्हा वावराकडे गेले.

हर्बर्ट रायसर या अमेरिकन गणितज्ञाने 1957 साली या चौकोनी अदलाबदलीबद्दलच, म्हणजे चौकोनाच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतले ठिपके उरलेल्या दोन कोपऱ्यांत नेण्याबद्दल, एक प्रमेय मांडले. ओळींच्या आणि स्तंभांच्या बेरजा सारख्या असलेली कोणतीही दोन चित्रे घेतली, तर अशा चार-चार कोपऱ्यांच्या अदलाबदली करत एकातून दुसऱ्यात जाता येते. नोनोग्राममध्ये बेरजेखेरीज गटांचा क्रमही दिलेला असल्यामुळे बऱ्याच अदलाबदली आपोआप रोखल्या जातात, पण एकेकटे ठिपके तिरपे पडले आणि त्यांच्या आजूबाजूला काहीच नसेल, तर रोखणारे कोणी नसते. काकांच्या झोपडीवरचा धूर हा याचाच अगदी शुद्ध नमुना आहे. स्वतः कोडे रचणाऱ्याने सर्वांत आधी असे सुटे ठिपके शोधावेत, कारण डोळे, तारे, पावसाचे थेंब, धूर हे सगळे मुलांना आवडणारे प्रकार नेमके सुट्या ठिपक्यांनीच काढले जातात.

दुरुस्तीसाठी धुराचा दांडा सलग ठेवा. पहिल्या ओळीत पाचवा आणि सहावा, दुसऱ्या ओळीत पाचवा. ओळींचे आकडे 2, 1, 1, 3, 5, 7, 2 2 आणि स्तंभांचे 1, 3, 4, 4, 2 4, 1 3, 1. पाचव्या स्तंभात 2, फट आणि 4 मिळून सातही चौकोन व्यापले जातात, म्हणून तो एका फटक्यात ठरतो. दुसऱ्या ओळीचा 1 त्यातच भागतो. चौथ्या स्तंभाचे चार काळे खाली संपलेले असल्याने पहिल्या ओळीच्या 2 ला डावीकडे जाता येत नाही. हे मी लिहिण्याआधी दोनदा सोडवून पाहिले आहे.

मुलाच्या बाबतीत मात्र मी थोडी मवाळ आहे. बहुपर्यायी परीक्षांची तयारी करताना आपणच मुलांना सांगतो, की दोन पर्याय कापता आले तर उरलेल्या दोनांतला एक ठोकून द्या, कोरे ठेवू नका. वर्षभर हे ऐकलेल्या मुलाला शनिवारी सायंकाळी कोरा चौकोन पाप वाटला, तर दोष त्याचा नाही.

एकच उत्तर

ताई, चूक मान्य. मी पहिल्या ओळीतील तिघांपैकी उजवे दोन एवढेच पाहिले, डावे दोन पाहिले नाहीत.

त्या मुलांना सांगण्यासारखी एक गोष्ट येथे नोंदवतो. 1987 साली टोकियोत नॉन इशिदा या ग्राफिक संपादक बाईंनी गगनचुंबी इमारतीच्या खिडक्यांतील दिवे काही पेटते आणि काही विझते ठेवून चित्रे काढण्याच्या स्पर्धेत बक्षीस मिळवले आणि त्यातून त्यांना या कोड्याची कल्पना सुचली. त्याच सुमारास तेत्सुया निशिओ यांनीही स्वतंत्रपणे हीच कोडी रचली. ब्रिटनमधील जेम्स डाल्गेटी यांनी इशिदाबाईंच्या नावावरून नोनोग्राम हे नाव पाडले आणि 1990 पासून तेथील ‘संडे टेलिग्राफ’ ती दर आठवड्याला छापू लागले.

निवृत्त गुरुजी

वाचनालयवाल्यांची दुसरी शंका अर्धी राहिली होती. पंधराच्या जाळीत आपण जेथे अडता तेथे लगेच चौकोन धरून पाहण्याआधी दोन पायऱ्या शिल्लक असतात आणि बहुतेक लोक त्या वगळतात.

पहिली पायरी प्रत्येक गट डावीकडे टोकाला आणि उजवीकडे टोकाला सरकवून पाहण्याची. पंधराच्या ओळीत 9 असेल तर तो एकदा 1 ते 9 आणि एकदा 7 ते 15 असा बसतो, म्हणून 7, 8, 9 हे चौकोन कोणत्याही परिस्थितीत काळेच. 4 6 असेल तर फटीसह 11 चौकोन लागतात आणि मोकळीक 4 ची उरते. या मोकळिकीपेक्षा जो गट मोठा, तो जेवढ्याने मोठा तेवढे चौकोन देतो. म्हणजे 6 चा गट दहावा व अकरावा चौकोन देतो आणि 4 चा गट काहीच देत नाही. हे आपण करतच असाल.

दुसरी पायरी दोन ओळी एकत्र पाहण्याची, विशेषतः कडेला. दहा स्तंभांची जाळी घेऊ. समजा सर्वांत वरच्या ओळीचा आकडा 4 आहे. एकट्या ओळीकडे पाहून तो काहीच सांगत नाही, कारण दहाच्या ओळीत चारचा गट कोठेही सरकतो. आता स्तंभांचे पहिले आकडे डावीकडून 3, 2, 4, 2, 1, 1, 2, 3, 2, 2 असे आहेत आणि दुसऱ्या ओळीतील सर्वांत मोठा आकडा 2 आहे असे धरा. वरच्या ओळीत एखादा चौकोन काळा झाला आणि त्या स्तंभाचा पहिला आकडा 2 किंवा अधिक असेल, तर त्याच्या खालचा चौकोनही काळा व्हावाच लागतो. म्हणून चारचा गट पहिल्या चौकोनापासून ठेवला तर खाली सलग चार काळे येतात, दुसऱ्यापासून ठेवला तर सलग तीन, सहाव्यापासून ठेवला तर तीन, आणि सातव्यापासून ठेवला तर चार. दुसऱ्या ओळीला दोनांहून अधिक सलग चालत नाहीत. उरल्या फक्त तीन सुरुवाती, तिसरा, चौथा आणि पाचवा चौकोन. या तिन्हींत पाचवा आणि सहावा चौकोन सामाईक आहेत, म्हणून ते काळे. पहिला, दुसरा, नववा आणि दहावा रिकामे. जी ओळ मुकी वाटत होती तिने सहा चौकोन दिले, आणि पाचव्या-सहाव्या स्तंभाचा पहिला आकडा 1 असल्याने त्यांच्याखालचे दोन चौकोनही रिकामे ठरले.

यात आपण गट सात ठिकाणी ठेवून पाहिला हे खरे. तरी सातही ठिकाणे तपासली, चार कारणासह बाद केली आणि उरलेल्या तिन्हींत जे समान तेवढेच लिहिले, म्हणून तो अंदाज नाही. हीच रीत एका चौकोनालाही लावता येते. तो काळा धरला तरी पलीकडचा अमुक चौकोन काळा होतो आणि रिकामा धरला तरी तोच काळा होतो, असे निघाले तर मूळ चौकोनाचे काय ते न ठरवताही पलीकडचा पेनाने भरता येतो.

‘एकच उत्तर’ यांनी यंत्रही धरून पाहते असे लिहिले, ते खरे आहे. परंतु यंत्र मागे येते आणि उत्तर एकच आहे का हे विचारले असेल तर दुसरी वाटही शेवटपर्यंत चालून पाहते. उत्तर एकच असेल तर प्रत्येक चौकोन आकड्यांवरूनच ठरलेला असतो, कारण त्याच्या उलट धरून चालत गेल्यास कोठे ना कोठे विसंगती भेटलीच पाहिजे. ती तीन पावलांवर भेटेल की तीनशे पावलांवर, एवढाच प्रश्न असतो. तीनशे पावले डोक्यात चालणे माणसाच्या आवाक्यातले नाही, म्हणून चांगला रचणारा अशी कोडी मुलांपुढे ठेवत नाही. सुरुंग शोधण्याच्या ‘माइनस्वीपर’ या संगणकावरील जुन्या खेळाशी तुलना करा. तेथे कधी कधी दोन चौकोनांपैकी सुरुंग कोणाखाली हे उघड्या आकड्यांवरून ठरतच नाही आणि नाइलाजाने एक दाबावा लागतो. तो खेळाचा स्वभाव आहे. नोनोग्राममध्ये असे झाले तर तो रचनेतला दोष.

सपरीतले वाचनालय

सर्वांचे आभार. ताईंनी दिलेले आकडे मी आधी स्वतः पेनाने सोडवले, नंतर घरी सौ.ना सोडवायला दिले आणि मगच शनिवारी फळ्यावर घातले. आधीच्या कोड्यात चूक माझी होती आणि त्याला दोन उत्तरे होती, हे मुलांना दोन्ही चित्रे शेजारी-शेजारी काढून सांगितले. मुलाला दिलेली वही त्याच्याकडेच राहिली आणि तशीच दुसरी वही मी मुलीला दिली. तिने ती घेतली आणि लगेच विचारले, की फळ्यावरच्या नव्या कोड्याला एकच उत्तर आहे हे मी कशावरून म्हणतो. मी पाचव्या स्तंभाचे सांगितले. तिने फळ्याजवळ उभे राहून बोटाने 2, फट, 4 असे मोजले आणि मग बसली.

मुलगा यंदा कोडे सोडवण्याऐवजी रचायच्या मागे लागला आहे. त्याने दहा बाय दहाची बंडी (बैलगाडी) काढून आणली आहे, बैलांसह. चाकांच्या आऱ्या आणि बैलांचे डोळे त्याने सुट्या ठिपक्यांनी दाखवले आहेत, त्यामुळे ताईंनी सांगितलेली अडचण तेथे हमखास येणार असे मला वाटते. दोन संध्याकाळी बसून मी 100 पैकी 81 चौकोन पेनाने भरले आहेत. डावा डोळा आणि मागच्या चाकाच्या आऱ्या अजून पेन्सिलीत आहेत. उद्या त्या मुलीला बसवून पाहतो, आणि तरीही अडले तर आकडे येथे टाकतो.